विचारा माझ्या आईला

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. तीन पायांची, घडीची, काखेत मारून कुठेही नेता येणारी. या वयात स्वतःची ओळख स्वतःच करून द्यायची म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण चार चार पाय असून खुर्च्या डुगडुगतात आणि मी तीन पायांवर कुठल्याही खडबडीत जमिनीवर ठाम उभी राहते, एवढं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या एका पायावर, आतल्या बाजूने, बारीक बारीक खाचा आहेत. मोजून सेहेचाळीस. नवा माणूस त्या पाहतो आणि म्हणतो, "अरेरे, उंदराने कुरतडली वाटतं." उंदराची काय बिशाद आहे. त्या खाचा एका मुलीने पाडल्या आणि शेवटच्या काही तिच्या माणसांनी. त्यांचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म दांडे तासणाऱ्या एका सुताराच्या दुकानात झाला. हातोडी, कुदळ, फावडं, कुऱ्हाड यांना लागणारे दांडे तिथे तयार होत. त्यातल्या एका दांड्याला गाठ होती, दुसऱ्याला बाक होता आणि तिसऱ्यात काय खोट होती ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिन्ही दांडे नापास होऊन कोपऱ्यात पडले होते. त्या सुताराची भाची एक दिवस धापा टाकत दुकानात शिरली आणि आमचं नशीब पालटलं.

तिला सगळे भिंगरी म्हणत. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण तिला एकदा चालताना पाहिलं की दुसरं नाव सुचत नसे. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि एका वर्तमानपत्रात नुकतीच वार्ताहर म्हणून लागली होती. पहिलंच काम होतं रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चांभाराची मुलाखत घेण्याचं, आणि ते साफ फसलं होतं.

"तो दोन शब्दांच्या वर बोलेचना, मामा," ती म्हणाली. "शेवटी म्हणाला, तू उभी आहेस म्हणजे तुला जायची घाई आहे. मग मीही थोडक्यात सांगतो."

"मग खाली बसायचं."

"बसले की. ओल्यात बसले. हे बघ कपडे."

मामाने कपडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या आम्हा तिघांना पाहिलं. त्याने आम्हाला सारख्या लांबीचं कापलं, मधोमध भोकं पाडली आणि एका बोल्टने जोडून टाकलं. वर बसायला कापड हवं होतं. भिंगरीची आई घरी शिवणकाम करायची. तिने जुन्या तंबूच्या जाड कापडाचा त्रिकोण कापला आणि तोंडात टाचण्या धरून विचारलं, "वजन कुणाचं?"

"माझं."

"मग दुहेरी शिलाई पुरे. तुझं वजन ते काय."

माझी उंची भिंगरीने मुद्दाम कमी ठेवायला लावली. समोरचा माणूस कुठेही बसलेला असो, आपण त्याच्यापेक्षा चार बोटं खालीच असलो पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. वरून विचारलं की माणूस उत्तर देतो आणि खालून विचारलं की गोष्ट सांगतो, हे तिला त्या चांभाराने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, सुई खाली ठेवली आणि पुढचे दोन तास तो थांबला नाही.

त्यानंतरची नऊ वर्षं मी कुठे कुठे टेकले म्हणून सांगू. तिकीट खिडकीच्या मागे टेकले, लॉन्ड्रीतल्या वाफेत टेकले, बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये टेकले आणि तिथून खाली पाहिल्यावर माझ्या तिन्ही पायांना कापरं भरलं. शाळेच्या स्वयंपाकघरात एका बाईंनी मला चुलीजवळ ठेवलं, तेव्हाचा डाग अजून आहे. भिंगरीचं बसणं हलकं होतं. ती पुढे झुकून बसायची, म्हणून माझं कापड पुढच्या कोपऱ्यात जास्त सैल झालं. अजूनही माझ्यावर बसलेला माणूस आपोआप थोडा पुढे झुकतो. त्याला वाटतं, तो स्वतःहून झुकला.

पण माझ्या पायाची पहिली खाच पडली ती मनोऱ्यावरच्या घड्याळामुळे. त्या घड्याळाला किल्ली देणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना घड्याळवाले काका म्हणत. भिंगरीने त्यांच्यावर लेख लिहिला. तो छापून आल्यावर इतर वार्ताहर करतात तसं तिने नव्या कामाला लागायला हवं होतं. पण ती छापलेला पेपर घेऊन, मला काखेत मारून, पुन्हा तो मनोरा चढली. काकांसमोर बसून तिने लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला आणि विचारलं, "काय चुकलं, काका?"

काकांनी हातातली किल्ली खाली ठेवली. छापून आलेल्या गोष्टीत काय चुकलं असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

"पायऱ्या एकशे बारा लिहिल्यास," ते म्हणाले. "एकशे चौदा आहेत. दोन तुटल्यात, त्या तू उडी मारून आलीस."

भिंगरीने पर्समधून पेन्सिलला टोक करायची छोटी सुरी काढली, मला उलटं केलं आणि माझ्या पायावर एक खाच पाडली. चूक तिची आणि खाच माझ्या पायाला. हा न्याय मला अजिबात पटला नाही. पण ती खाचेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "आता विसरणार नाही," आणि मी मनातल्या मनात मान डोलावली.

तेव्हापासून प्रत्येक लेखानंतर ती परत जायची. ऑफिसात याला परतफेरी म्हणत. तिथून आणलेली चूक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर, तळाला, डाव्या हाताच्या छोट्या चौकटीत छापली जायची. त्या चौकटीचं नाव 'दुरुस्ती'. पूर्वी ती महिनोन् महिने रिकामी असे. भिंगरी आल्यावर ती नेमाने भरू लागली. संपादकबाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "अगं, आपणच जगातला सगळ्यात चुकणारा पेपर आहोत असं वाटायला लागलंय मला." आणि तरी लोक पेपर हातात आला की आधी ती चौकट वाचायचे.

ती चौकट लावायचं काम लंबूकडे होतं. लंबू म्हणजे पानं लावणारा उपसंपादक. उंची एवढी, की ऑफिसातल्या पंख्याखालून तो मान वाकवून जायचा. मन मात्र सशाचं. तो टेबल सोडून कधी बाहेर पडत नसे. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तो पानांच्या गठ्ठ्याआड दडायचा. भिंगरी त्याला म्हणायची, "चल रे परतफेरीला." तो म्हणायचा, "तू चुका आण, मी छापतो. कामाची वाटणी चांगली आहे." त्या दोघांचं मेतकूट असं जमलं होतं, की एकाचा चहा दुसरा पिऊन टाकायचा आणि तक्रार कुणीच करत नसे.

आता मला भिंगरीचा दुसरा अवतार सांगायला हवा. लोकांबद्दल लिहिताना पायरी न् पायरी मोजणारी ही मुलगी, पाच वाजता खिडकीपाशी चहा सुरू झाला की स्वतःबद्दल अशा काही थापा मारायची, की मी टेबलाखाली थक्क होऊन ऐकत राहायचे. म्हणे तिचा जन्म चालत्या बसमध्ये झाला. म्हणे वडील सर्कशीत जादूगार होते. म्हणे नवव्या वर्षी तिने नदी पोहून पार केली. म्हणे तिला पाच भाषा यायच्या. म्हणे घरी पाळलेलं घुबड होतं. म्हणे ही तिवई तिला एका जहाजाच्या कप्तानाने भेट दिली. हे सगळं ती गंभीर चेहऱ्याने सांगायची आणि शेवटी हात वर करून म्हणायची, "खोटं वाटतं? विचारा माझ्या आईला." सगळे हसायचे, दमलेली तोंडं उजळायची आणि माणसं पुन्हा कामाला लागायची. आईला विचारायला मात्र कधी कुणी गेलं नाही. चहाच्या कपावर ऐकलेली गोष्ट कोण तपासून पाहतं?

त्यातली एक थाप नीट लक्षात ठेवा. एकदा लंबूने पान लावताना रकान्यांची बेरीज चुकवली आणि एका बातमीचं शेपूट छापायचंच राहिलं. संध्याकाळी चहाला कुणीतरी हसत विचारलं, "काय रे लंबू, शाळेत गणिताला किती वेळा बसला होतास?" लंबूचे कान लाल झाले. हसणं थांबलं आणि सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहू लागले. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "त्याचं राहू दे. मी तीनदा बसले, तीनदा नापास. विचारा माझ्या आईला." मग तिने नापास होण्याच्या तीन इतक्या मजेशीर तऱ्हा सांगितल्या की हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

नंतर जिन्यात लंबूने तिला गाठलं. मी तिच्या काखेतच होते. तो हळूच म्हणाला, "मी दोनदा नापास झालोय. कुणाला सांगू नकोस."

"दोनदाच?" भिंगरी म्हणाली. "मग तू माझ्याहून हुशार निघालास."

लंबू त्या दिवशी शीळ वाजवत घरी गेला. त्याला शीळ वाजवता येते हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

मग भिंगरी आजारी पडली. त्या आजाराचं नाव मी लक्षात ठेवलेलं नाही, ठेवायचंही नाही. सहा आठवडे ती दवाखान्यात होती आणि मी तिच्या पलंगाशी. तिथेही तिने माझ्यावर वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना बसवलं आणि स्वतः उशीला टेकून त्यांना प्रश्न विचारले. मावशी पलंगाखालच्या चपलांवरून पेशंट ओळखत. तो लेख छापून आला, तिने पलंगावरूनच तो मावशींना वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "सगळं बरोबर, फक्त मी बावीस वर्षं नाही, चोवीस वर्षं झाली इथे." भिंगरीने सुरी मागितली. ती सदतिसावी खाच. तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून ती इतकी उथळ आहे की बोट फिरवूनच कळते. सगळ्यात जास्त मला तीच प्रिय आहे. पुढच्या आठवड्यात भिंगरी गेली.

वय काय होतं तिचं, मित्रांनो. मोठ्या माणसांच्या हिशोबात ती लहानच होती.

लंबू मला ऑफिसात घेऊन आला. दुपारी सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले आणि दुसऱ्या दिवशी छापायचा लेख तयार होऊ लागला. डोळे पुसत पुसत जो तो आठवेल ते सांगत होता आणि लंबू लिहून घेत होता. त्या पेपरचा नियम होता, की कुठलीही माहिती दोन माणसांकडून तपासल्याशिवाय छापायची नाही. इथे तर एकेका गोष्टीला दहा दहा साक्षीदार होते. त्या दहाही जणांनी ती एकाच तोंडून ऐकली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लेखात बसमधला जन्म आला, जादूगार वडील आले, घुबड आलं, कप्तानाची तिवई आली. मी टेबलाखालून ओरडत होते, की अरे, मी दांड्यांच्या दुकानातली आहे. पण तिवईला तोंड नसतं. आणि खरं सांगायचं तर ती कप्तानाची गोष्ट मला मनातून आवडायचीही.

दुसऱ्या दिवशी लेख छापून आला. त्याने सगळे हळहळले. मग त्यांनी भिंतीवर तिचा फोटो लावला, शेजारी एक खिळा ठोकला आणि मला घडी घालून त्याला टांगलं. खाली चिठ्ठी लावली: 'कृपया बसू नये.' एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता आणि इतकी वाईट अवस्थाही कधी झाली नव्हती. लोक माझ्याकडे पाहून हळू आवाजात बोलत. पंधरा दिवस मी हवेत लटकत होते आणि माझ्या बोल्टवर धूळ बसत होती.

पंधराव्या दिवशी घड्याळवाले काका ऑफिसात आले. हातात तो पेपर होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"हा लेख कुणी लिहिला?" त्यांनी विचारलं.

"मी," लंबू उभा राहिला.

"चांगला आहे. एक विचारू? माझ्यावरचा लेख छापल्यावर ती माझ्याकडे परत आली होती. दोन गुडघ्यांवर हात ठेवून ते एवढे जिने चढून. मग तिच्यावरचा लेख छापल्यावर परत कोण गेलं?"

 संपादकबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या तो पुसू लागल्या.

"कुणाकडे जायचं, काका?" लंबूने विचारलं.

"ते काय मी सांगायचं? तुम्हीच लिहिलंय ना, ती सारखं कुणाला विचारा म्हणायची?"

काकांनी चिठ्ठी काढून खिशात टाकली, मला खिळ्यावरून उतरवलं आणि लंबूच्या हातात दिलं.  ज्या माणसाला अनोळखी दुकानदाराकडे सुटे मागायची भीती वाटायची, त्याला आता मुलगी गमावलेल्या आईसमोर बसून विचारायचं होतं, की आमचं काय चुकलं. पण लेख त्याने लिहिला होता. भिंगरीची शेवटची बातमी चुकीची राहिली तर तिच्या सगळ्या परतफेऱ्या फुकट, हे त्याला कळत होतं.

बसमध्ये त्याने मला अशी धरली की माझा एक पाय पुढच्या बाईंच्या अंबाड्यात आणि दुसरा कंडक्टरच्या बरगडीत. उतरेपर्यंत तो सगळ्यांची माफी मागत होता.

भिंगरीच्या घरी खिडकीजवळ शिलाई मशीन होतं आणि त्यावर अर्धवट शिवलेला एक परकर होता. आईने दार उघडलं. या दिवसांत खूप माणसं तिला भेटायला येऊन गेली होती. दारातच उभं राहून, काही लागलं तर सांगा, असं म्हणून सगळी निघून गेली होती. लंबूने माझी घडी उघडली आणि माझ्यावर बसला. त्याचे गुडघे कानांपाशी आले.

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "तूच लंबू ना रे?"

"हो, काकू. मी... आम्ही तिच्यावर छापलं होतं. वाचून दाखवायला आलोय."

"बघितला होता पेपर. उघडला नाही. तिचं लिहिलेलं सगळं तीच वाचून दाखवायची मला, इथेच बसून. मी मशीन चालवायची आणि ती वाचायची." ती मशीनपाशी जाऊन बसली. "वाच."

लंबूने वाचायला सुरुवात केली.  "आमची भिंगरी चालत्या बसमध्ये जन्मली..."

"कुठे?"

"बसमध्ये."

"दवाखान्यात झाली ती. चांगल्या पलंगावर. आणि दिलेल्या तारखेनंतर चार दिवसांनी. घाईचं वेड तिला पुढे लागलं."

लंबूने मान वर केली. "तिनेच सांगितलं होतं."

"पुढे वाच."

पुढे जादूगार वडील आले. आईने शिवण खाली ठेवली. "पोस्टात कारकून होते ते. नाण्याची एकच जादू यायची त्यांना, आणि ते नाणंही दरवेळी बाहीतून खाली पडायचं. ती उचलून पुन्हा द्यायची, की करा बाबा परत." पाच भाषांच्या दोनच निघाल्या, त्यातली दुसरी फक्त भांडण्यापुरती. नदी पोहून जाणारी मुलगी डोक्यावरून पाणी घ्यायला घाबरायची. केस धुवायचे म्हटलं की घरात युद्ध. घुबड म्हणजे शेजाऱ्यांचं कबुतर, तेही आजारी. तोवर आई तोंडावर पदर धरून हसत होती, लंबूही हसत होता आणि मी त्याच्याखाली करकरत होते. मग आईने माझ्याकडे बोट केलं. "आणि ही कप्तानाची? हिच्या वरची शिलाई माझी आहे, दुहेरी. माझ्या भावाने केली ही, टाकाऊ दांड्यांची." टाकाऊ हा शब्द तिने वापरायला नको होता, पण त्या घरात इतकं हसू आलेलं पाहून मी तोही सोडून दिला.

"मला माहीतच नव्हतं, ती ऑफिसात अशी धमाल करायची," आई डोळे पुसत म्हणाली. "घरी यायची ती दमून. मला वाटायचं तिथे नुसतंच काम असतं. बरं, पुढे काय?"

"वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी..."

आईचं हसू थांबलं. "चौतीस."

लंबूने पेपर पाहिला. "वजाबाकी मी केली होती, काकू."

"चौतीस पुरी झाली होती तिची. तिचं एक वर्ष कमी करू नका रे. आधीच कमी आहेत."

 लंबू तसाच बसून राहिला. दारातल्या पाहुण्यासारखा तो उठून गेला नाही. मग आईनेच म्हटलं, "वाच."

"शाळेत गणितात तीनदा नापास होऊनही तिने हिंमत सोडली नाही."

"कोण नापास?"

"भिंगरी. गणितात."

आई उठली, कपाट उघडलं आणि एक जुनी गुणपत्रिका काढून लंबूच्या मांडीवर ठेवली. गणितात शंभरापैकी शंभर. "मामाच्या दुकानातली मापं तीच काढून द्यायची, सातवीत असल्यापासून. ती आणि गणितात नापास? हे का सांगितलं असेल तिने?"

लंबू त्या आकड्याकडे पाहत राहिला.  त्याने आईला सगळं सांगितलं: चुकलेली बेरीज, चहाच्या वेळचा तो प्रश्न, लाल झालेले कान आणि जिन्यातलं बोलणं. "मला इतकी वर्षं वाटत होतं, की निदान तिच्यापेक्षा एकदा कमी नापास झालोय मी," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो गुडघा एवढा उंच होता की तिला हात वर न्यावा लागला.

"अशीच होती," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत मला तिचा अभिमान ऐकू आला.

खाचांचा रिवाज तिला ठाऊक होता. तिने शिवणाच्या डब्यातून भिंगरीची सुरी शोधून काढली. मला उलटं करून सात खाचा तिने स्वतः पाडल्या, टाक्यांसारख्या सारख्या अंतरावर. आठवीच्या वेळी ती थांबली. "ही राहू दे. ही काही चूक नाही."

"चूकच आहे, काकू. छापलीय आम्ही," लंबू म्हणाला. "पण हिची खाच मी पाडतो."

त्याच रात्रीच्या अंकासाठी, संध्याकाळी चहाच्या वेळी, त्याने दुरुस्तीचा मजकूर संपादकबाईंसमोर ठेवला. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसावरच्या लेखाची दुरुस्ती कुणी छापतं का? हसतील लोक."

"हसू देत, बाई. ती हसवतच होती."

बाई वाचू लागल्या. आधी ओठ मिटले होते, मग खांदे हलू लागले. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. "ही ओळ काढ. तुझी गोष्ट तुझ्यापाशी राहू दे."

"तिच्यावरची बातमी आहे. अर्धी दुरुस्त करून कशी चालेल?"

दुसऱ्या दिवशी ती चौकट नेहमीपेक्षा चौपट मोठी होती. दवाखाना, पोस्ट, कबुतर, दांडे, चौतीस वर्षं, सगळं होतं. आणि शेवटी: 'त्या गणितात कधीही नापास झाल्या नाहीत. गणितात दोनदा नापास झाला तो हा मजकूर लिहिणारा.'

ऑफिसात लंबू मान खाली घालून शिरला. कुणी त्याला हसलं नाही. चहाच्या वेळी जाहिरात विभागातला एक जण म्हणाला, "मी चित्रकलेत नापास आहे. सफरचंद काढलं होतं, बाई म्हणाल्या बटाटा छान आलाय." मग दुसऱ्याने सांगितलं, मग तिसऱ्याने. शेवटी संपादकबाई म्हणाल्या, की त्यांना शाळेच्या निबंधात शून्य मिळालं होतं. पुष्कळ दिवसांनी त्या खिडकीपाशी भिंगरी असतानाचा आवाज झाला. मला फार, फार आनंद झाला.

पण दुरुस्ती छापली म्हणजे संपलं का? तिचीही परतफेरी हवीच. या वेळी लंबूला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने मला नीट घडी घालून काखेत घेतलं आणि बसमध्ये कुणाच्या अंबाड्याला धक्का लागला नाही. आईसमोर बसून त्याने चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"काय चुकलं, काकू?"

आईने मशीन थांबवलं. "एक चुकलं."

लंबू दचकला. "कुठलं?"

"दोनदा नापास झालास म्हणतोस. तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा पास झालो."

"मग ते कुठे लिहिलंयस? अर्धी बातमी आहे ही." तिने हात पुढे केला. "आण ती तिवई इकडे."

अशी ही सेहेचाळिसावी खाच पडली. दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत एकच ओळ होती: 'कालच्या दुरुस्तीत राहून गेलं, की मजकूर लिहिणारा तिसऱ्या वेळी गणितात पास झाला.' वाचकांना त्याचा काय बोध झाला असेल, देव जाणे. आईने मात्र ती ओळ कापून गुणपत्रिकेच्या शेजारी कपाटात ठेवली.

आता भिंतीवरचा तो खिळा रिकामा आहे. मी पाळीपाळीने सगळ्या वार्ताहरांबरोबर जाते आणि परतफेरीला पुन्हा जाते. सगळ्यात जास्त मला लंबूच नेतो आणि त्याचे गुडघे मला आता खुपत नाहीत. दर शनिवारी पाच वाजता भिंगरीची आई ऑफिसात चहाला येते. कुणीतरी लेकीची एखादी जुनी थाप आठवून सांगतं आणि मग सगळे एका सुरात आईला विचारतात. आई कधी खरं सांगते. कधी मात्र गंभीर चेहरा करून म्हणते, "हो, घुबड होतं." तेव्हा मला कळतं, की भिंगरीने हा गुण कुठून उचलला होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल, कुणीतरी मागे ठेवून गेलेलं. त्याला जपा, पण खिळ्याला टांगून नका ठेवू. त्याची धूळ झटका आणि ते वापरा. आणि ज्याच्याबद्दल काही बोललात, काही लिहिलंत, त्याच्याकडे एकदा परत जा, त्याच्यापेक्षा चार बोटं खाली बसा आणि विचारा, काय चुकलं. खाचांची काळजी करू नका. माझे अजून दोन पाय कोरे आहेत.